सातवा खड्डा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोपऱ्यावरच्या नव्या घराचे खड्डे पास केले. सात खड्डे, सात कॉलम, वर दोन मजले. मालकीणबाई शाळांचे गणवेश शिवतात, नवरा परगावी नोकरीला, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. खालची कोपऱ्यातली खोली सासूबाईंची, कारण त्यांना जिना झेपत नाही. बाईंनी नकाशावर त्या खोलीत पेन्सिलीनं पलंगसुद्धा काढलाय, उशी खिडकीच्या बाजूला.

वहीत तरी खरं लिहावं. सातांपैकी एकाही खड्ड्यात मी उतरले नाही.

काँक्रीट पडलं की खालचं सगळं कायमचं झाकलं जातं, म्हणून आमची नगरपालिकेची तपासणी त्याआधी. खोली मोजायची, सळ्यांची जाळी बघायची, आणि मुख्य म्हणजे तळ. तळाला पहार मारायची, चारी कोपऱ्यांत. टणटण वाजली तर कडक थर लागला, ठप्प आवाज आला तर अजून खणा. पहार माझ्या हातात हवी आणि मी खड्ड्यात हवी, हा माझा वीस वर्षांचा हट्ट. म्हणून तर या धंद्यातले लोक मला खड्डेबाई म्हणतात. आधी टिंगल म्हणून म्हणायचे, नंतर सवयीनं. मला ते नाव आवडतं, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

पण नोव्हेंबरात न्हाणीघरात घसरले आणि उजव्या गुडघ्यानं दगा दिला. सपाटीवर ठीक आहे. शिडी बघितली की पाय लटपटतो. ऑफिसात कळलं तर बाहेरचं काम काढून घेतील आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं अर्जांवर शिक्के मारत बसवतील. म्हणून आता काठावर उभी राहते, मिस्त्रीला खाली पाठवते आणि वरून रुबाबात प्रश्न विचारते. तीन महिने हेच चाललंय. कुणाला पत्ता लागलेला नाही.

हा मिस्त्री जुना आहे, माझ्याबरोबर पन्नासेक घरं तरी झाली असतील त्याची. सहा खड्डे छान वाजले. सातव्यात, म्हणजे सासूबाईंच्या खोलीखाली, पहार बसकी वाजली. मिस्त्रीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हा तुम्ही स्वतः बघा. मी मातीत पायऱ्या काढून देतो. अर्ध्या तासाचं काम. हात धरून नेतो खाली."

माझं डोकंच फिरलं. "पायऱ्या कशाला? मी काय पाहुणी म्हणून आलेय?"

"तसं नव्हे हो..."

"दुसऱ्या कोपऱ्यात मार."

त्यानं मारली. जरा बरी वाजली. किंवा मला तशी वाटली. म्हटलं, "सकाळची ओल आहे, म्हणून आवाज बसतोय."

"ओल?" तो म्हणाला.

"मग काय तर!"

तो वर आला, हात झटकले, कागद पुढे धरला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं. 'सर्व खड्डे समक्ष तपासले.' ओळ छापीलच असते. खाली मी सही केली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काँक्रीट आज पडायचं होतं, पडलं नाही. मिक्सर बिघडलाय, उद्या टाकतो, असा मिस्त्रीचा निरोप. म्हणजे आज जाऊन पुन्हा बघता आलं असतं. बसचे तर दोनच थांबे. दुपारी पर्स उचलून दारापर्यंत गेलेही. मग वाटलं, काय म्हणून जायचं? काल पायऱ्या नको म्हणाले आणि आज मागायच्या, असं? परत येऊन बसले.

यांनी न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलंय. विचारलं तर म्हणाले, "मला बसून आंघोळ बरी पडते. कंबर धरते." यांची कंबर कधीपासून धरायला लागली कोण जाणे. माणूस काही सांगतच नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल काँक्रीट पडलं. आज येताना मुद्दाम त्या रस्त्यानं आले. सातही पाये झालेत, वरून सळ्या उभ्या आहेत. मिस्त्री पोती भिजवून पसरत होता. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. मला बघून उठला.

"मॅडम, सातव्याची काळजी करू नका."

आता मी कशाला काळजी करीन? त्याला काय माहीत मी काळजी करते ते? सरळ म्हटलं, "मी कुठल्याच खड्ड्याची काळजी करत नाही. पास केलेत ना सगळे?"

"केलेत की," म्हणाला आणि पुन्हा पोत्यांकडे वळला.

मला ते आवडलं नाही. माझ्यावर उपकार केल्यासारखा बोलला. आपलं तोंड बंद ठेवल्याचे उपकार, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्या घराच्या शेजारचे आजोबा आज नळाच्या अर्जासाठी ऑफिसात आले होते. बोलके आहेत. अर्ज राहिला बाजूला, म्हणाले, "झाला का हो त्या घराचा पाया? नाही म्हणजे, तिथे पूर्वी वीटभट्टीवाल्यांनी माती काढलेली. चांगला पुरुषभर खड्डा होता. मग राख न् खापरं टाकून बुजवला. आम्ही त्यात लपाछपी खेळायचो."

"कुठे नक्की?"

त्यांनी टेबलाच्या काचेवर बोटानं घर काढलं, रस्ता काढला आणि बोट टेकवलं उजव्या कोपऱ्यात. सातवा.

आजोबांच्या अर्जावर मी शिक्का उलटा मारला. ते म्हणाले, "चालतंय हो, वाचता आल्याशी कारण."

११ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले नाही कुणाशी.

एक मन म्हणतं, साठ वर्षांत राख दाबून घट्ट झाली असेल. दुसरं मन म्हणतं, बाई गं, हे तुला तुझ्या हाताखालच्या माणसानं सांगितलं असतं तर तू त्याला उभा सोलला असतास.

एक कॉलम खचला की काय होतं ते मला पाठ आहे. आधी दार चौकटीत अडकायला लागतं. लोक म्हणतात लाकूड फुगलं, सुतार बोलावतात. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ती लिंपतात, ती परत येते. आणि त्या भेगेखाली पलंग, उशी खिडकीच्या बाजूला.

अजून वेळ आहे. येत्या सोमवारी पायाभोवती माती भरून खड्डे बुजवणार. तोवर बाजूनं खणून खाली काय आहे ते बघता येतं. एकदा माती भरली, भिंती चढल्या, की संपलं. सोमवारपर्यंत बोलायचं. उद्या बोलते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल बोलले नाही. आज मालकीणबाईच ऑफिसात आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच, शिवता शिवता उठून आलेल्या. मला वाटलं कळलं यांना सगळं. खुर्ची घट्ट धरून बसले.

त्यांचं वेगळंच. "मॅडम, तुम्ही जाणत्या आहात, म्हणून विचारते. सिमेंटची नऊ पोती जास्त लागलीत. दगडाचा ढीग होता, तोही गेला. मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो, 'तुमच्याच घराला लागली.' कुठे लागली ते सांगत नाही. नकाशाप्रमाणे लागायला नको ना एवढी?"

मी हिशेब केला. खरंच नको.

"मग विकली का हो त्यानं?"

मी त्या मिस्त्रीला वीस वर्षं ओळखते. दुसऱ्याच्या साइटवरचा वाकडा खिळासुद्धा खिशात घालणारा माणूस नाही. हे मला सांगता आलं असतं. पण त्या दिवशीची त्याची वर बघितलेली नजर डोळ्यांपुढे आली, ते 'काळजी करू नका' आठवलं, आणि वाटलं, काय सांगावं? माणसं बदलतात. म्हटलं, "लक्ष ठेवा."

दोनच शब्द. त्या मला धन्यवाद म्हणाल्या. जाता जाता म्हणाल्या, "सासूबाई रोज विचारतात, खोली कधी होणार. मी सांगते, तपासणाऱ्या मॅडम फार कडक आहेत, पाया एकदम पक्का झालाय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

मालकीणबाईंचा फोन आला. मिस्त्रीला काल काढून टाकलं, गल्लीतल्या चार माणसांसमोर. एका शब्दानं बोलला नाही, हत्यारं पोत्यात भरली आणि निघाला. "तुम्ही सावध केलंत म्हणून," बाई म्हणाल्या. सोमवारी नवी माणसं माती भरायला येणार.

लिहायला लाज वाटते, पण फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. आता पुढे कधी काही निघालंच तर लोक म्हणतील चोर मिस्त्रीनं केलं. माझ्या सहीकडे कोण बघतंय.

असं वाटलं मला. मलाच.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर कपाट आवरत बसले. हे दोनदा येऊन दारात उभे राहिले. तिसऱ्यांदा म्हणाले, "हाडांच्या डॉक्टरांची मंगळवारी संध्याकाळची वेळ घेतलीय. माझ्या कंबरेसाठी. सोबत येशील ना?" मी म्हटलं, "बघू." मग मात्र एकदम रडूच फुटलं. यांनी काही विचारलं नाही. टॉवेल आणून दिला आणि बाजूला बसून माझ्या साड्यांच्या चुकीच्या घड्या घालत राहिले.

उद्या जायचं. उद्या नाही गेले तर या वहीत पुन्हा एक अक्षर लिहायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेले.

पोचले तेव्हा नव्या माणसांनी दोन खड्डे बुजवलेही होते. सुदैवानं दुसऱ्या टोकाचे. मी फाटकातूनच ओरडले, "थांबा! सातव्याला हात लावू नका!" मालकीणबाई धावत आल्या. मी म्हटलं, "बाई, माझं ऐका आणि मग काय ते बोला."

सांगितलं. खड्ड्यात उतरले नाही, गुडघा, पहार बसकी वाजली, पायऱ्या नको म्हणाले, राखेचा जुना खड्डा, सगळं. बोलताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे बघत होते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"पायाला लागून बाजूनं खणायचं. खाली काय आहे ते दिसेल. राख असली तर हा पाया फोडून नवा घालायचा."

दोन माणसं खणायला लागली. आधी आमची नकाशातली खोली आली, पाच फूट, पायाची खालची कड दिसायला हवी होती. त्यांनी आणखी खणलं. बाजूनं राखच निघायला लागली, करडी, भुसभुशीत, खापरांचे तुकडे. माझा धीरच सुटला.

"कुणी तरी खाली बघून सांगा मला," मी म्हटलं. "मला उतरता येत नाही."

वीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघालं. ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात मालकीणबाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि शिडीनं स्वतःच उतरल्या. गळ्यातली टेप काढली. मी वर, त्या खाली.

"राख आहे का पायाखाली?"

"नाही. राख बाजूला आहे. इथे काँक्रीटच आहे."

"कड कुठे संपते?"

"संपत नाहीये. अजून खाली आहे. दगड घातलेत मधे. अजून आहे मॅडम." खणणाऱ्याला त्यांनी सरकायला सांगितलं, हातानं माती काढत गेल्या. "इथे. इथे संपतं. आठ फूट दोन इंच."

"पहार मारा. त्याच्या खाली, तिरपी."

त्यांनी मारली. टण्ण झालं. वरपर्यंत ऐकू आलं.

मालकीणबाई तशाच उभ्या राहिल्या, हात काँक्रीटवर. तीन फूट जास्त. नऊ पोती. दगडाचा ढीग. बिघडलेला मिक्सर. मला सगळं एकदम कळलं आणि त्यांनाही, कारण त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता ओरडतील. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी त्याला चोर म्हटलं. सगळ्यांसमोर."

"मीच तुम्हाला..."

"हो. तुम्हीच." शिडी चढून वर आल्या, चपला घातल्या. "मग मॅडम, तुमची ती सही कशाची होती?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्री भाजीबाजारामागच्या साइटवर आहे असं कळलं. गेले तर वाळूच्या ढिगावर बसून चहा पीत होता. मालकीणबाई सकाळीच येऊन गेल्या होत्या. परत ये म्हणाल्या, माफी मागितली. जाणार का, ते मात्र त्यानं मला सांगितलं नाही.

"अंगठा कसा आहे?"

"नख गेलं. येईल. सातव्यात पहार सटकली."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"सांगत होतो की. पायऱ्या काढतो म्हटलं."

"नंतर तरी?"

"नंतर सही झाली होती. तुमच्या सहीनंतर खड्डा कच्चा आहे म्हणायचं म्हणजे तुम्हाला खोटं पाडायचं. त्यापेक्षा खणणं सोपं होतं."

"आणि बाईंनी काढलं तेव्हा?"

"त्यांनी पोती कुठे गेली असं विचारलं नाही. कुणाला विकलीस, असं विचारलं." चहाचा कप त्यानं वाळूत टेकवला. "जाऊ द्या हो. वीस वर्षांत एकदा नाही उतरलात. कुणाचंही होतं."

तिथे गप्प बसले असते तर चाललं असतं. तो मला माफ करायला बसलाच होता. पण पुरे झालं होतं मला.

"एकदा नाही," मी म्हटलं. "नोव्हेंबरपासून मी एकाही खड्ड्यात उतरलेले नाही. तुझ्या आधी अकरा घरं झाली."

त्यानं माझ्याकडे बघितलं, अगदी तसंच, त्या दिवशी खड्ड्यातून बघितलं होतं तसं. "अकरा?" मग म्हणाला, "गुडघा दिसत होता मला. पण वाटलं, दुसरीकडे कसंबसं उतरत असाल. माझ्याकडे नाही उतरलात, ते माझ्यावर भरवसा आहे म्हणून."

तो उठला आणि कामाला लागला.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. कंबर कुणीच दाखवली नाही. हे बाहेर बाकावर बसले आणि मला आत पाठवलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "गुडघ्याचं मला माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला जवळच्या साइट देत होतो. म्हटलं, मिस्त्री लोक घेतील सांभाळून." मग म्हणाले, "ते एक घर तर ठीक निघालं ना? विषय संपला. ऑपरेशन करून घ्या, रजा देतो."

मी अकरा पत्त्यांची यादी टेबलावर ठेवली. माझ्या हातानं लिहिलेली, खाली सही. साहेबांनी वाचली. "कशाला आगीत हात घालताय? दोन वर्षं राहिलीत."

"साहेब, यातल्या सात घरांचे मिस्त्री मला नावानंही माहीत नाहीत."

त्यांनी यादी घेतली नाही. मी तिची एक प्रत आवक खिडकीवर देऊन पोच घेतली आणि मूळ कागद पर्समध्ये ठेवला. आता बघू काय करतात माझं. मला भीती वाटते आहे, ते खोटं कशाला लिहू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

यादीतल्या पहिल्या घरी गेले. हे रिक्षातून सोडायला आले आणि रिक्षातच बसून राहिले. भिंती खिडकीच्या वर गेल्यात. मालक ओळखीचं हसला, तरुण आहे, नुकतंच लग्न झालंय म्हणाला होता. खोल्या दाखवायला लागला. ही बैठक, इकडे स्वयंपाकघर, ही मागची खोली येणाऱ्या बाळासाठी. बायको विटांवर पाणी मारत होती, सात-आठ महिने झालेले दिसत होते. तिनं पाइप बाजूला ठेवला आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"बसा मॅडम. आज कसली तपासणी?"

मी उभीच राहिले. "तुमच्या पायावर माझी सही आहे. पण तुमचा पाया मी बघितलेला नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. बायकोही हसली. मग मला तेच पुन्हा एकदा सांगावं लागलं.